फोटो हुपरीचे, कटिंग बोग्र्यात : शेजारच्या देशात काम देणारं कुणी आहे का इथं?

चांदीवाट
नमस्कार मंडळी. वाचत बरेच दिवस असतो, धागा पहिल्यांदाच काढतोय.

माझं कोल्हापुरात प्रॉडक्ट फोटोग्राफीचं छोटं काम आहे. गिऱ्हाईक बहुतेक हुपरीचं, म्हणजे जवळच्या चांदीकामाच्या गावचं. पैंजण, जोडवी, करंडे, समया आणि श्रावणाच्या आधी चांदीच्या राख्या. फोटो मी काढतो आणि मागची पार्श्वभूमी काढून माल पांढऱ्यावर बसवायचं काम, ज्याला आम्ही नुसतं कटिंग म्हणतो, ते २०१९ पासून बांगलादेशातल्या बोग्र्याचा एक जण करतोय. एका फ्रीलान्सिंग साईटवर सापडला होता, तेव्हा पाव डॉलरला एक फोटो असा रेट ठरला. आजवर त्याला भेटलेलो नाही पण सहा वर्षं रोज बोलणं आहे, तो मला दादा म्हणतो मी त्याला भाई.

परवा घरी जेवताना मेव्हणा म्हणाला, गावातली पोरं कट्ट्यावर बसून आहेत आणि तू परदेशात पैसे पाठवतोस, लाज वाटत नाही का. मला तेव्हा उत्तर सुचलं नाही आणि नंतरही नीट सुचलेलं नाही. तुमच्यापैकी कुणी नेपाळ, बांगलादेश, श्रीलंका इकडं काम देतं का किंवा तिकडच्या लोकांबरोबर काम करतं का? काय अनुभव? मी चुकतोय का हे खरंच विचारायचंय.

तळजाई
चांगला विषय. आमच्या कंपनीत हिशेबाचा अख्खा विभाग कोलंबोत आहे, मी पुण्यात बसून त्यांच्याबरोबर काम करते. श्रीलंकेत सीमा म्हणजे लंडनची जी मॅनेजमेंट अकाउंटिंगची परीक्षा आहे ती देणारी पोरं भरपूर, त्यामुळं फायनान्सचं काम तिकडं आपसूक गेलं. सॉफ्टवेअरमध्येही लहान नाहीत, लंडन स्टॉक एक्स्चेंजनं २००९ ला त्यांची मिलेनियम आयटी विकत घेतली, शेअरबाजाराची सिस्टीम बनवणारी कंपनी कोलंबोजवळची आहे हे आपल्याकडं कितीजणांना माहितेय?

आणि घड्याळ एकच. त्यांचे साडेनऊ ते आपले साडेनऊ.

नंदू_वहीखातं
आधी कोरडं काम सांगतो मग बाकीचे बोला. चांदीवाट, परदेशातून सेवा घेतली की जीएसटी रिव्हर्स चार्जमध्ये, म्हणजे देणाऱ्याऐवजी घेणाऱ्यानं, तुम्हाला भरावा लागतो, १८ टक्के. उलाढाल कमी आहे म्हणून नोंदणी नाही हे कारण इथं चालत नाही, रिव्हर्स चार्ज असेल तर नोंदणी सक्तीची आहे. भरलेला टॅक्स क्रेडिटमध्ये परत मिळतो म्हणून घाबरू नका पण दाखवा. बँकेतून थेट पाठवत असाल तर आयकराचा परदेशी पेमेंटचा फॉर्म आणि परपज कोड, म्हणजे पैसे कशासाठी चाललेत त्याचा नंबर. माझ्याकडं येणारे दहातले आठ छोटे धंदेवाले हे करतच नाहीत आणि नोटीस आली की धावत येतात.

मागवाला
मी इचलकरंजीचा. चांदीवाटदादा, तुमची पोस्ट वाचून मला माझे वडील आठवले.

आमचे आठ माग होते, खर्चीवर चालायचे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, खर्चीवाला म्हणजे माग त्याचा, शेड त्याची, लाईट बिल त्याचं, कामगाराचा पगार त्यानं द्यायचा, पण सूत व्यापाऱ्याचं आणि कापड पण व्यापाऱ्याचं. आम्हाला फक्त मजुरी, ती पण पिकावर, म्हणजे एका इंचात आडवे धागे किती बसले त्या हिशेबानं पैशापैशात. कापडात खोट निघाली की मजुरीतून कापणार. मंदी आली की व्यापारी बीम, म्हणजे मागावर चढवायचा सुताचा रूळ, द्यायचा थांबणार, मग माग उभे आणि बिल चालू. वडील संध्याकाळी पेढीवर जाऊन बसायचे, मालक बीम देतो का बघायला. मी लहान असताना बरोबर गेलोय, दोन दोन तास बाकड्यावर.

तुमचा तो बोग्र्याचा भाई म्हणजे खर्चीवालाच आहे की. लॅपटॉप त्याचा, इंटरनेट त्याचं, लाईट गेली तर इन्व्हर्टर त्याचा. साईट मधी बसून कमिशन कापणार, काही साईटी २० टक्के घेतात. तुमचा मेव्हणा गाव कुठलं विचारतोय, मी विचारतो मजुरी किती आणि बीम थांबलं की त्याचं काय. २०१९ चा पाव डॉलर आज पण पाव डॉलरच आहे का?

चांदीवाट
मागवाला, हो. तेवढाच आहे. त्यानं कधी मागितलं नाही आणि मीही विषय काढला नाही. हे असं लिहिताना बरं वाटत नाहीये.

अंबानगरी
मी अमरावतीची. माझं मत वेगळं आहे आणि स्पष्ट सांगते. पैसा आपल्या भागात राहिला पाहिजे. मी अकरा वर्षं डाटा एन्ट्रीचं सेंटर चालवलं, २२ मुली होत्या, सगळ्या आजूबाजूच्या खेड्यांतून एसटीनं यायच्या. त्यातल्या कितीतरी जणींच्या घरात पहिला पगार त्यांचाच होता. एकीनं पहिल्या पगारात आईला शिलाई मशीन घेतलं, ते घेऊन दोघी रिक्षानं सेंटरवर दाखवायला आल्या होत्या. मग गिऱ्हाईक म्हणालं बाहेर निम्म्या रेटमध्ये होतंय, आणि काम गेलं. कुठं गेलं, ढाक्याला की अजून कुठं, मला कधी कळलंही नाही. म्हणून मला हा विषय लागतो. भाई चांगला असेल हो, पण हुपरीतल्या मुलींना हे शिकवलं तर त्या करणार नाहीत का? शिकवून बघितलं का तुम्ही कधी?

चांदीवाट
अंबानगरीताई, बघितलं. २०२१ मध्ये दोन पोरं घेतली होती. चार महिन्यांत एक हिंजवडीला गेला, दुसरा गाडीच्या शोरूममध्ये लागला.

अंबानगरी
काय देत होता त्यांना?

चांदीवाट
फोटोवर. भाईला देतो तोच रेट.

अंबानगरी
मग ते जाणारच ना दादा. शिकणाऱ्या पोराचे दिवसाला ३० फोटो होतात, त्याचे पैसे किती झाले करून बघा. शिकण्याचा काळ कुणीतरी पगारावर काढावा लागतो. माझ्याकडं पहिले तीन महिने टायपिंग स्पीड काहीही असो, पगार ठरलेला असायचा.

अर्धविराम
एक प्रश्न. आता एआय एका क्लिकमध्ये बॅकग्राउंड काढतं ना? मग भाई आणि हुपरी दोघांचा वाद कशाला.

चांदीवाट
अर्धविराम, कपड्याचं, बुटाचं, मोबाईलच्या कव्हरचं निघतं आणि चांगलं निघतं. भाईकडचं तसलं काम गेलं पण, त्याच्याबरोबर एका खोलीत सहा जण बसायचे ते आता दोघं राहिलेत. पण चांदी आरसा आहे. पांढऱ्या पडद्यावर चांदीचं पैंजण ठेवलं की पैंजणाच्या कडेत पडदाच दिसतो, म्हणजे पांढऱ्यावर पांढरं, मशीनला माल कुठं संपला हेच कळत नाही. घुंगरू खाऊन टाकतं. साखळीच्या कड्यांमधली भोकं बुजवतं. भाई काय करतो, फोटो ३०० टक्के मोठा करतो आणि पेन टूलनं एकेका घुंगराला वळसा घालतो, मग प्रत्येक कडीच्या आतलं भोक वेगळं कापतो. एका पैंजणाला मी मोजली होती, १४० च्या वर भोकं होती. त्यात जिथं कड पूर्ण पांढरी झालीय तिथं तो अंदाजानं नाही मारत, शेजारच्या कडीचा आकार बघून तसाच काढतो. एकदा मला विचारलं होतं, दादा हे घुंगरू पोकळ असतं का भरीव, कारण सावली त्याप्रमाणं द्यावी लागते. सहा वर्षांत त्यानं एक पैंजण हातात घेतलेलं नाही.

काठमांडूची_सून
माहेर सातारा, सासर नेपाळातलं ललितपूर. थोडं मोठं लिहिते.

मी इथं डाटा लेबलिंगच्या कंपनीत टीम बघते. अमेरिकेतल्या रस्त्यांचे फोटो येतात, त्यात गाडी, माणूस, सिग्नल, सायकल सगळ्यांभोवती चौकोन काढायचे, त्यावरून आपोआप चालणाऱ्या गाड्या शिकतात. आमच्याकडं डोंगरातल्या जिल्ह्यांतून आलेल्या मुली आहेत, ज्यांच्या गावात गाडीरस्ता त्या शाळेत असताना पोहोचला, त्या कॅलिफोर्नियातल्या चौकात कुठली लेन कुणाची हे आता बघताक्षणी सांगतात.

नेपाळात हे काम वाढलं त्याची दोन कारणं मी डोळ्यांनी बघितलीत. एक वीज. मी लग्न करून आले तेव्हा लोडशेडिंगचं वेळापत्रक फ्रीजवर चिकटवलेलं असायचं, हिवाळ्यात दिवसाला १६ -१८ तास पण जायची. २०१६ ला कुलमान घिसिंग वीज प्राधिकरणावर आले आणि त्या तिहारपासून, म्हणजे इथल्या दिवाळीपासून, काठमांडूत दिवे टिकायला लागले. दुसरं म्हणजे घरातली मुलं. इथं प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी कतार, मलेशिया, दुबईला आहे. ज्या घरातला एक मुलगा लॅपटॉपवर कमावून इथंच राहिला त्या घरातल्या आईचा चेहरा बघा, मग हे काम काय आहे ते कळतं. २०२२ चा एक अभ्यास आहे, त्यात नेपाळची आयटी निर्यात ५१.५ कोटी डॉलर आणि हे काम करणारे ६६ हजारांच्या वर धरलेत. आपल्या आकड्यांपुढं ते काहीच नाही, पण इथल्या मानानं खूप आहे.

पण दोरी किती बारीक आहे ते पण सांगते. नेपाळला समुद्र नाही, त्यामुळं इंटरनेट बहुतेक भारतातून जमिनीवरच्या केबलनं येतं. २०२४ च्या मे महिन्यात इथल्या कंपन्यांची भारतातल्या पुरवठादारांकडं बाकी थकली, कारण डॉलर बाहेर पाठवायची परवानगी अडकली होती, आणि काही तास देशातल्या बऱ्याच भागाचं नेट बसलं. मग २०२५ च्या सप्टेंबरात सरकारनं २६ ॲप बंद केली, त्यात व्हॉट्सॲप आणि लिंक्डइन पण. आमच्याकडच्या एका मुलीची रात्रीची फ्रीलान्स गिऱ्हाईकं सगळी व्हॉट्सॲपवर, ती रात्रभर ईमेल पत्ते शोधत बसली. त्यानंतर चार दिवसांत रस्त्यावर आंदोलनात जे झालं ते तुम्ही सगळ्यांनी टीव्हीवर बघितलं. कितीतरी पोरं जिवानिशी गेली हो. शाळेच्या युनिफॉर्ममध्ये होती काही.

चांदीवाटदादा, तुम्ही चुकत नाही. पण मागवाला यांचा प्रश्न टाळू नका.

तळजाई
सुनबाई, वाचून काटा आला. आमच्या कोलंबोचं २०२२ असंच होतं. मार्चच्या शेवटी दिवसाला १३ तास वीज बंद, पेट्रोलसाठी लोक दोन दोन दिवस रांगेत. आमची एक सहकारी गाडीतून मीटिंगला यायची, रांगेत उभ्या गाडीतून, लॅपटॉप स्टेअरिंगला टेकवलेला. महिनाअखेरचा हिशेब तिनं त्या रांगेत बंद केला. आमच्या पुण्याच्या टीमनं तेव्हा ठरवून त्यांचं रात्रीचं काम आपल्याकडं घेतलं, कुणी वरून सांगितलं नव्हतं.

आणि पगार काहींना डॉलरला बांधून मिळत होता म्हणून ती घरं तगली. रुपया त्यांचा दोन महिन्यांत निम्म्यावर आला होता जवळपास.

भटकी_जमात
थोडं अवांतर, पण केबलवरून आठवलं. त्रिपुरात होतो तेव्हा कळलं की आगरतळ्याला २०१६ मध्ये बांगलादेशातून इंटरनेट घ्यायला सुरुवात झाली, कॉक्स बाजारच्या समुद्री केबलवरून आखाउरामार्गे. आपल्याला वाटतं आपणच सगळ्यांना देतो.

आणि भूतानमध्ये थिंफूच्या टेकपार्कात परदेशातल्या लोकांचे जुने फोटो दुरुस्त करायचं काम चालायचं. चुरगाळलेला लग्नाचा फोटो कुठल्या तरी आजीचा, आणि तो नीट करणारी मुलगी थिंफूत.

रोकठोक_७
सगळं ठीक आहे पण सध्या दोन्ही देशांत जे वातावरण आहे त्यात बांगलादेशला एक पैसा देऊ नये असं माझं स्पष्ट मत. आपल्याकडं बेकार कमी आहेत का? हा भावनेचा नाही, देशाचा प्रश्न आहे.

मागवाला
रोकठोक, इचलकरंजीत परप्रांतीय कामगार नको म्हणून मी पण ओरडलोय एके काळी. नंतर कामगार निघून गेले तेव्हा माग उभे राहिले आणि व्यापारी मात्र दुसऱ्या गावाला सूत देऊन मोकळा झाला. मजुरी पाडायला व्यापाऱ्याला हेच पाहिजे असतंय, हा नको तर तो. आपण एकमेकाला बघून भांडत बसायचं.

रोकठोक_७
मुद्दा घेतला. मत बदललं नाही, पण मुद्दा घेतला.

शारजावासी
इकडं रोजचं आहे हे. आमच्या ऑफिसचं डिझाईन फैसलाबादहून येतं, कोडिंग नाशिकहून, आणि गिऱ्हाईक सौदी. थेट भारत-पाकिस्तान कामाची देवाणघेवाण जवळपास अशक्यच, पण इथं तिसऱ्या देशात एकाच ग्रुपवर सगळे. २०२४ च्या ऑगस्टमध्ये पाकिस्तानात नेट भयंकर स्लो झालं होतं, तेव्हा फैसलाबादची डिझायनर १२ एमबीची फाईल पाठवायला पहाटे तीनला उठायची. नाशिकवाल्या पोरानं तिला फाईलचे तुकडे करून पाठवायची युक्ती शिकवली. दोघं कधी भेटणार नाहीत. तो तिला बाजी, म्हणजे ताई, म्हणतो आता.

नंदू_वहीखातं
पेमेंटचं कुणी बोललं नाही म्हणून. बांगलादेशात पेपाल नव्हतं, नेपाळातही पैसे घेता येत नव्हते, म्हणून बहुतेक पेओनियर नावाची पैसे पाठवायची सेवा वापरतात, आणि प्रत्येक टप्प्यावर काही ना काही कटतं. चांदीवाट, तुम्ही २५ सेंट देता तेव्हा भाईच्या हातात किती पडतात विचारलंय का कधी?

शब्दवेल
ऑक्सफर्ड इंटरनेट इन्स्टिट्यूटनं २०१७ ला ऑनलाईन कामगार कुठल्या देशात किती ते मोजलं होतं, भारत २४ टक्के, बांगलादेश १६, अमेरिका १२. म्हणजे पहिल्या दोघांत आपणच शेजारी. रेट पाडायची स्पर्धा पण मग आपल्या दोघांतच लागणार.

चांदीवाट
सगळ्यांचं वाचलं, दोनदा वाचलं. आता जे सुरुवातीला लिहायचं राहिलं ते लिहितो.

जुलै २०२४. रक्षाबंधन १९ ऑगस्टला होतं, राख्यांचे ६४० फोटो मी भाईला पाठवले होते, २० तारखेपर्यंत द्यायचे ठरलेलं. १८ जुलैला तिकडं आंदोलन पेटलं आणि इंटरनेट बंद केलं. मेसेजवर एकच टिक. एक दिवस, दोन दिवस. इकडं हुपरीचा व्यापारी रोज दोनदा फोन करतोय. मी काय केलं असेल, तर तिसऱ्या दिवशी साईटवर जाऊन ऑर्डर कॅन्सल केली आणि दुसऱ्याला दिली. घाई होती, खोटं नाही. त्यानं कसंतरी केलं, निम्म्या राख्यांचे मणी खाल्लेले.

२१ ला संध्याकाळी मला साधा फोन आला, परदेशातला नंबर, आवाज तुटत होता. भाई. मला वाटलं पैशाचं विचारेल. तो म्हणाला, दादा, ४१० झालेत, लॅपटॉपमध्ये आहेत, नेट आलं की पहिलं तुमचं पाठवतो, आणि तुम्ही काळजी करत असाल म्हणून फोन केला. मी त्याला सांगू शकलो नाही की ऑर्डर काढून घेतलीय. २४ ला थोडं थोडं नेट आलं तेव्हा त्याला ते साईटवर दिसलं असणार. कॅन्सल झाल्यामुळं त्याचं रेटिंग पण पडलं. त्यानं तरीही ४१० फोटो ईमेलनं पाठवले, खाली लिहिलं होतं, हे झालेले होते म्हणून. मी त्याचे पैसे साईटच्या बाहेरून दिले, पण रेटिंग मला परत देता आलं नाही, साईटला तीन वेळा लिहून बघितलं.

मागवाला, बीम थांबलं की त्याचं काय, हे तुम्ही विचारलं तेव्हा मला हा फोन आठवला.

मागवाला
तुमच्यावर राग नाही दादा. लिहिलंत ते बरं केलं.

अंबानगरी
माझ्या सेंटरचं काम गेलं तेव्हा गिऱ्हाईकाचा फोन सुद्धा आला नव्हता, दोन ओळींचा ईमेल. तुमचा भाई माझ्या मुलींसारखाच निघाला. मी आधी जे बोलले ते मागं घेत नाही, हुपरीतल्या मुलींना काम मिळायलाच पाहिजे, पण त्याचं काढून नको.

चांदीवाट
ताई, तेच करायचं ठरवतोय. काल रात्री भाईशी तासभर बोललो. त्याच्या हातात २५ पैकी १९-२० सेंट पडत होते. आता दागिन्यांचा रेट ४५ केला, साधं काम मशीनवर. आणि महिन्याला ठरावीक एक रक्कम, काम कमी आलं तरी, नेट बंद पडलं तरी. नंदूभाऊ, याची नीट कागदपत्रं करायला तुमच्याकडं येतोय, जीएसटी नोंदणीसकट. व्यापाऱ्यांना फोटोमागं साडेतीन रुपये वाढवून सांगितले, दोघांनी कुरकुर केली, एक सोडून गेला.

हुपरीतल्या दोन मुली येत्या एक तारखेपासून येतायत. घरात पैंजणाला घुंगरू जोडायचं काम करतात दोघी, मजुरीवर, म्हणजे कडी कुठं वळते हे त्यांच्या बोटांना माहीत आहे. सहा महिने पगारावर. शिकवणार भाई, रोज सकाळी तासभर व्हिडिओवर, आणि त्या तासाचे त्याला वेगळे पैसे. भाषेचं मला टेन्शन होतं, तो म्हणाला हिंदी सिनेमे बघूनच मोठा झालोय.

मेव्हण्याला अजून सांगितलेलं नाही.

काठमांडूची_सून
वा! मुलींना एक सांगा, पहिल्या आठवड्यात हात दुखतो, मनगटाखाली मऊ फडक्याची घडी ठेवा. आमच्याकडं सगळ्या ठेवतात.

मागवाला
आणि दादा, माउस घेऊन द्या चांगले. पॅडवर बोट फिरवून १४० भोकं कापायला लावू नका.

चांदीवाट
दोन घेतलेत. तिसरा बोग्र्याला पाठवायला कुरिअरवाल्याला विचारलं तर माउसच्या तिप्पट भाडं सांगतोय. त्याला पैसेच पाठवले, तिकडंच घे म्हणालो. आत्ता फोटो आला, लाल रंगाचा घेतलाय.